मास्तरांच्या मापाची सायकल

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की शाळेतले नव्हेत, शिंपी. माझं चष्म्याचं दुकान आणि त्यांचं शिलाईचं, यांच्यात एकच भिंत आहे. तीही पातळ, त्यामुळे गिऱ्हाइकांशी होणारी त्यांची भांडणं मला बसल्या जागी ऐकू येतात. भांडण नेहमी एकच असतं. शिवलेला कपडा घट्ट होतो म्हणून कोणी परत आणला, तर मास्तर त्याला हातही लावत नाहीत. "माझं माप चुकत नाही, माणूस सुटतो," असं म्हणून ते टेप पुन्हा गळ्यात टाकतात. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही कपडा परत घेतलेला नाही. लोक तरीही येतात, कारण मास्तरांच्या हातचा कोट अंगावर चढला की माणूस उगाचच ताठ चालायला लागतो.

स्वतः मास्तर मात्र ताठ चालत नव्हते. आयुष्यभर मशिनवर वाकून पाठीला पोक आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हालचाल करा, नाहीतर मशीन सोडा. मास्तरांनी जावयाची जुनी सायकल आणली आणि सकाळी सायकल चालवायला जाणाऱ्या मंडळींच्या मागोमाग जाऊ लागले. आम्ही हसलो. पण थोड्याच दिवसांत माणसाचा नूरच पालटला. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "अहो, मी जन्मभर सुईच्या टोकाकडे बघत आलो. सायकलवर बसलं की लांबपर्यंत दिसतं." असलं काही बोलणाऱ्यांतले मास्तर नव्हेत. मला बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

मग जावयाला आपली सायकल आठवली आणि ती परत गेली. मंडळींपैकी बहुतेकांकडे एकाच कंपनीच्या रोड बाइक होत्या. वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या, एका हाताने उचलाव्यात अशा हलक्या. या कंपनीचं कुठेही दुकान नाही. वेबसाइटवर आपलं माप भरायचं, की खोकं थेट कारखान्यातून दारात. मास्तरांना ही रीत फार पटली. "मापावर माल. मधला माणूस नाहीच," असं ते मला कौतुकाने सांगत होते. चष्मे काही मी बनवत नाही. मधला माणूस म्हणतात तो मीच.

मापं दोनच हवी होती, उंची आणि पायाची आतली लांबी. मास्तरांनी टेप काढली आणि आपलं माप आपणच घेतलं, पॅंटसाठी घेतात तसं. वर आसनाला, म्हणजे दोन पायांच्या जोडाशी, थोडी मोकळीक सोडून, खाली टाचेच्या जरा वर. वेबसाइटने लाल अक्षरांत कळवलं की उंची आणि पाय जुळत नाहीत, पुन्हा मोजा. मास्तरांचा पारा चढला. त्यांनी तडक कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलणारी होती.

"काका, अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांत धरून वरपर्यंत घट्ट दाबा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा."

"बाळ," मास्तर म्हणाले, "तुझं वय नसेल इतकी वर्षं मी लोकांचे पाय मोजतोय. जे भरलंय तेच पाठव."

तिने तेच पाठवलं.

खोक्यातल्या पान्याने मास्तरांनी हँडल आणि पेडल बसवली. सायकल काळीभोर, दृष्ट लागावी अशी. मास्तर ऐटीत बसले, आणि त्यांचे गुडघे थेट कोपरांच्या भेटीला आले. सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर घेतली. मग हँडल खाली राहिलं आणि पाठ मशिनवर वाकते तशीच पुन्हा वाकली.

"लहान होतेय, मास्तर," मी म्हणालो.

"नवी आहे. बसेल हळूहळू अंगाला."

कापड वापरलं की सैल पडतं, हे मान्य. सायकल वापरून सैल पडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

महिनाभर चालवून बघा, नाही पटली तर बदलून देऊ, असा कंपनीचा शब्द होता. मास्तर हट्टाने चालवत राहिले. मंडळींतल्या एकाने "नातवाची आणलीत का?" असं विचारलं, तेव्हापासून ते सगळ्यांच्या मागे राहू लागले. गुडघे सुजले. जिना चढताना कठडा धरावा लागे. शेवटी एक दिवस त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि सकाळचं जाणंच बंद केलं. मी विचारलं, तर "कामं फार आहेत," एवढंच उत्तर. महिना संपत आला होता. सायकल बदलायची, तर माप चुकलं म्हणावं लागणार. नाही बदलली, तर उरलेलं आयुष्य पुन्हा सुईचं टोक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर गुडघे जळत होते. मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं.

एका दुपारी भिंतीपलीकडून वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा आवाज आला.

"चपला काढा."

"कशाला?"

"काढा म्हणते ना. आणि भिंतीला टेका."

पुस्तक काही त्या दुकानात नव्हतं. कापडाच्या नमुन्यांचा जाड आल्बम कामी आला असावा, कारण मास्तर ओरडले, "अगं, हळू!"

"घट्टच दाबायचं असतं. ती मुलगी सांगत नव्हती का?"

भिंतीवर खडू ओढल्याचा आवाज झाला.

"पुन्हा मोज," मास्तर म्हणाले.

"दोनदा मोजलं. चार बोटांचा फरक आहे. तुम्ही माप घेतलंत ते कापडाचं. त्यांना हवं होतं हाडाचं."

"मी माप कसं घ्यायचं ते आता तू..."

"फोन लावा. रात्री तुमचे गुडघे मी चेपते, कंपनी नाही."

संध्याकाळी मी सुटे पैसे मागायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात गेलो. मास्तर कापड बेतत होते. फोन टेबलावर, स्पीकर चालू. नेमके तेव्हाच पोस्टातले साहेब हातात पिशवी घेऊन दारात आले. पिशवीतून पॅंटचा पाय डोकावत होता, म्हणजे आता भांडण होणार हे ठरलेलं. फोनवर तीच गोड मुलगी होती.

"बदलून मिळेल, काका. कारण काय टाकू? रंग आवडला नाही असं लिहिलं तरी चालतं."

पळवाट आयती चालून आली होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. आतल्या खोलीत काजं करणाऱ्या वहिनींचा हातही थांबला असणार, कारण मशीन गप्प होतं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"माप चुकलं असं लिही."

"वेबसाइटवर काही अडचण आली का, काका?"

"नाही गं. मी घेतलेलं माप चुकलं. माझंच." आणि त्यांनी नवं माप सांगितलं, एकेक आकडा सावकाश.

साहेबांनी पिशवी पाठीमागे नेली होती, ती हळूच पुढे आली. मास्तरांनी हात पुढे केला. पॅंट उलटी करून शिवणीवरून अंगठा फिरवला, मग साहेबांच्या कमरेभोवती टेप गुंडाळली.

"पोट तुमचंच सुटलंय," ते म्हणाले. मग मांडीला टेप लावून थबकले. "पण इथे मीच कमी धरलंय. ठेवून जा. उद्या देतो."

साहेब गेले. मास्तर स्टुलावर बसले. ती पॅंट मांडीवर तशीच होती.

"अहो," त्यांनी मला विचारलं, "असं आजवर किती जणांना मी दारातून परत पाठवलं असेल?"

त्यातले बरेच मला तोंडपाठ होते.

"फार नाहीत," मी म्हणालो.