कॉम्प्रेसरमधलं तेल

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. तरी गिऱ्हाईक "गॅस संपला का हो?" विचारतं आणि मिस्त्री "हाव" म्हणून भरून देतो. लातुरात माझं एसीचं गॅरेज होतं, तिथं मी असं करत नव्हतो. साबणाचा फेस लावून गळती शोधायचो. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, तर समोरचा पंखा बघायचो. हवाच कमी येत असेल तर आधी फिल्टर. म्हणून माझ्या शब्दावर लोकांचा विश्वास होता. त्याच शब्दानं मी एका माणसाची नोकरी घालवली.

तो एका डॉक्टरांचा ड्रायव्हर, मूळचा नांदेडचा, साठीला आलेला. मी त्याला चाचा म्हणायचो. एप्रिलमध्ये तो गाडी घेऊन आला. "मिस्त्री, साहेब विचारून राहिले, ह्यो एसी हाय का भट्टी हाय?"

कंडेन्सर, म्हणजे गॅस थंड करणारी समोरची जाळी, गळत होता. मी नवा बसवला, गॅस भरला. जुन्या कंडेन्सरबरोबर थोडं तेल निघून जातं, तेवढं नवं टाकावं लागतं, नाहीतर कॉम्प्रेसर आतून झिजतो. ते मी विसरलो.

आठ दिवसांनी गाडी टोचन करून आणली. डॉक्टर स्वतः सोबत. कॉम्प्रेसर जाम होऊन इंजिनचा पट्टा तुटला होता. उघडला तर आत कोरडा, सगळीकडे काळी भुकटी. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं.

"कशानं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"उभ्या गाडीत एसी लावून झोपत असतील," मी म्हणालो. तेवढ्यानं कॉम्प्रेसर असा जात नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

चाचानं माझ्याकडे पाहिलं. "दुपारी जरा डोळा लागला होता, साहेब. मिस्त्री म्हणतेत म्हंजे माझ्यानंच झालं असंल."

तो भांडला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. डॉक्टरांनी तिथंच त्याच्याकडून किल्ली घेतली. मी हात पुसत राहिलो.

गॅरेज चालू होतं तोवर नाव जाईल म्हणून गप्प बसलो. नंतर गप्प बसायची सवय झाली. गेल्या महिन्यात नांदेडला जाऊन त्याचं घर शोधलं. तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या बायकोनं मला बसवलं, चहा दिला. ती नोकरी गेल्यावर त्यानं ड्रायव्हरकी केलीच नाही, म्हणाली. शादीखान्याच्या गेटवर राखणीला बसायचा. लोक गाडी चालवायला बोलवायला यायचे, तर जायचा नाही. "दुसऱ्याची गाडी माझ्या हातानं पुन्हा खराब होईल, म्हणायचे."

मी तिला सगळं सांगितलं. तेल, भुकटी, माझं खोटं. तिनं माझ्यासमोरचा कप उचलला.

"हे त्यांना सांगायचं होतं, भाईसाब. मला कशाला सांगून राहिले?"