पहिलं पाऊल आमच्याकडं पडत नाही

पाळणाघरात दोन गोष्टी साठत जातात. एका पायाचे मोजे आणि किस्से. मोज्याचा जोडीदार कधीतरी कॉटखाली सापडतो तरी, किस्से मात्र आवरता आवरत नाहीत. एक सांगून संपवावा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा किस्सा दारात उभा, नाक वाहतंय, हातात डबा!

आमचं पाळणाघर सोलापुरात, शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मी. मुलांच्या आया या कारखान्यांत मशीनवर बसतात. मला सगळे मावशी म्हणतात, आयासुद्धा. आणि माझ्या नवऱ्याला काका. रिटायर झाल्यापासून काका मला मदत करतात, असं त्यांचं म्हणणं आहे. ऐकणाऱ्याला हे किस्से गमतीचे वाटतात. वाटू देत. घडत असतात तेव्हा मला हसू येत नाही.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. ओम नावाचं बाळ दुपारी उठलं, भिंत सोडली आणि चालायलाच लागलं! आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याची आई आली. मी तोंड उघडायच्या आत काका फाटकातूनच ओरडले, "पेढे काढा ओ ताई! तुमचा ओम चालला आज! हितनं तितपर्यंत!"

बाई हसली. मग पायातली चप्पलही न काढता पायरीवरच बसली. "माझ्या आधी तुम्ही बघितलं होय?" एवढंच म्हणाली. पोराला उचललं, छातीशी धरलं आणि मागं न बघता गेली. दोन दिवस पोराला पाठवलंच नाही.

त्या संध्याकाळी मी काकांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण तेव्हापासून आमच्या घराचा नियम झाला. आमच्याकडं काहीच पहिल्यांदा होत नाही! पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल, सगळं ज्याच्या त्याच्या घरी. इथं झालं तरी झालं नाही. आईला फक्त म्हणायचं, "आज-उद्या जरा नजर ठेवा हं, लक्षण दिसतंय." मग ती सकाळी धावत येते, "मावशी, चालला!" आणि आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून, "अगं बाई! खरं की काय?"

यात काका इतके रंगतात की एका आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका पूर्वी नाटकात होते का ओ?"

*

पूजाचा वेदांत माझ्या हातनं जेवायचा नाही. आईला बघितल्याशिवाय घास गिळणार नाही म्हणजे नाही. म्हणून पूजा जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची. पोरगं एक घास स्वतः खायचं आणि एक मोबाइलवर आईच्या तोंडाला लावायचं. तिकडं पूजा मशीनला टेकून "आऽऽ" करायची. दोघंही पोटभर जेवायची!

एक दिवस कॉल मधेच बंद. माझा मोबाइल काळा ठिक्कर. वेदांतनं असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. तिकडं पूजा फोनवर फोन लावतीय, माझा लागत नाही. पोराला काय झालं म्हणून ती सुपरवायझरचं न ऐकता पळत सुटली. दारात आली तेव्हा धापा टाकत होती. वेदांतनं तिला बघितलं, रडणं थांबवलं आणि हातातला घास पुढं केला.

मोबाइल दुरुस्तीला टाकला. दुकानातल्या पोरानं उघडून बघितला, परत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी वरण जरा घट्ट ठेवा."

*

श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. मुलगी स्नेहा त्याला "नान्ना" म्हणते. रोज न्यायला तोच येतो. खांद्यावर घेतलं की स्नेहा लगेच झोपते.

मार्चमध्ये एके दिवशी तो सहाला तिला घेऊन गेला. सात वाजून गेले आणि त्याची बायको दारात! "मावशी, स्नेहा कुटं हाय? ते दोघं घरी आलेच न्हाईत." श्रीनिवासची स्कूटर आमच्या फाटकाबाहेर तशीच उभी. फोन बंद. काका एका बाजूला, मी दुसऱ्या, ती बिचारी "स्नेहा, स्नेहा" करत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बघून आली. वाईट विचार यायला वेळ लागतो का?

आणि मागच्या देवळाला वळसा घालून साहेब आले, हळूहळू. खांद्यावर लेक, गाढ झोपेत. घामानं शर्ट चिंब.

"अवो, फोन तर चालू ठेवायचा की!" बायको रडत ओरडली.

"हळू बोल," तो म्हणाला. "वाजला असता तर उठली असती. स्कूटर चालू केली तरी उठते. जूनपासून मोठ्या शाळेत जाणार ही. मग खांद्यावर झोपेल का?"

बायकोनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, आता ह्याचं काही खरं नाही. तर ती म्हणाली, "आणा हिकडं. एक फेरी मी मारते."

*

आणि आमचा समर्थ. चार वर्षांचा. त्याच्या पोटात काही राहत नाही, अन्न सोडून. आम्ही एका बाळाचा पहिला दात नियमानं झाकून ठेवला, आणि हा त्या बाळाच्या आईला दारातच म्हणाला, "बाळाला दात आलाय. मावशीनं लपवलाय!" ती बाई माझ्याकडं अशी बघायला लागली की मी तो उपटून डब्यात ठेवलाय!

तेव्हापासून गुळाचा डबा माझ्या हाताशी असतो. समर्थच्या चेहऱ्यावर बातमी दिसली की खडा तोंडात. चघळेपर्यंत आई निघून जाते.

*

आता रेणुकाचं सांगते.

रेणुका जवळच्या कुंभारी गावाहून येते, कॉलर लावायच्या मशीनवर असते. ईश्वरी तिची दुसरी. पहिला मुलगा चालायला लागला तेव्हा ही कामावर होती, घरी गेली तर पोरगं अंगणात पळत होतं. घरच्या कुणाला तिला सांगावंसंही वाटलं नव्हतं! ईश्वरीला माझ्या हातात देताना तिनं बाकी काही सांगितलं नाही, दूध किती, झोप किती, काही नाही. "मावशी, हिचं पहिलं पाऊल मला बघायचंय. तेवढं बघा." मी म्हणलं, "शब्द दिला."

शब्द द्यायला काय जातंय! ईश्वरी उभी राहायला लागली मे महिन्यात. मे म्हणजे आमच्या गल्लीचा सीझन. जूनला शाळा उघडतात, साऱ्या मुलखाचे युनिफॉर्म तोवर जायला हवेत. रविवारची सुट्टी बंद, रोज ओव्हरटाइम. रेणुका न्यायला यायची तेव्हा पोरगी झोपलेली, सकाळी आणायची तेव्हाही झोपलेली. "नजर ठेवा हं" कुणाला सांगू? झोपलेलं पोर चालतंय होय?

मी रोज देवाला म्हणायची, अजून नको रे बाबा. लोक पोर चालावं म्हणून नवस बोलतात, मी चालू नये म्हणून!

बुधवारी सकाळी ईश्वरीनं कॉटची दांडी सोडली. एक पाऊल. दुसरं उचललं आणि मी तिला वरच्या वर उचलली! समर्थ ओरडला, "ईश्वरी चाल..." खडा तोंडात.

पण आता पोरीला चव लागली होती. खाली ठेवली की उठतीय. मी तिला कडेवर घेऊन भाजी चिरली, कडेवर घेऊन बाकीच्यांना भरवलं. ती लाथा मारतीय, रडतीय, माझे केस ओढतीय. तिला चालायचं होतं आणि मी, पाळणाघरवाली बाई, तिला चालू देत नव्हते! हे बरोबर नाही हे मलाही कळत होतं. शेवटी माझंच डोकं फिरलं. काकांना म्हणलं, "स्कूटर काढा. रेणुकाला घेऊन या, अर्ध्या तासासाठी. सुपरवायझरला काय सांगायचं ते सांगा. पण तिला एक शब्द बोलायचा नाही. ओमच्या वेळचं लक्षात आहे ना?"

काका म्हणाले, "तोंडच उघडत नाही."

आणि नाहीच उघडलं! कारखान्याच्या दारात जाऊन रेणुकाला म्हणाले, "चल. मला काही सांगायचं नाही." तिनं विचारलं, ईश्वरीला काय झालं? हे गप्प. पडली का? गप्प. दवाखान्यात नेलंय का? गप्प! नुसते समोर बघत स्कूटर चालवत राहिले. ती मागं बसून रडतीय, आणि हा माणूस नियम पाळतोय!

रेणुका आत आली ती अनवाणी. चप्पल कारखान्यातच राहिलेली. केसांत दोरे, डोळे सुजलेले. "मावशी, काय झालं माझ्या पोरीला?"

"काही झालं नाही गं! बस तिथं. बस आधी!" मला काकांचा असा राग आला होता की माझाही आवाज चढला.

ती भिंतीपाशी मटकन बसली. मी ईश्वरीला कॉटच्या दांडीला धरून उभी केली आणि मागं सरकत स्वयंपाकघराच्या दारात गेले. तेव्हा रेणुकाला कळलं. तिनं दोन्ही हात पसरले. "ये, ये माझे बाई."

ईश्वरीनं दांडी सोडली. आईकडं बघितलं. लाल डोळे, ओलं तोंड, सगळे केस विस्कटलेले. पोरगी दचकली. ओठ काढला. मग वळली आणि माझ्याकडं चालायला लागली.

मी हात पाठीमागं लपवले. मान हलवली. नको गं, इकडं नको, तिकडं जा. ती डुलत डुलत आलीच. माझ्या साडीच्या निऱ्यांना मिठी मारली आणि वर बघून हसली.

काका दारात उभे. समर्थच्या तोंडातला गूळ कधीच संपला होता, तरी तोसुद्धा गप्प. रेणुकाचे हात तसेच पसरलेले होते. माझी तिच्याकडं बघायची हिंमत होईना. सकाळपासून कडेवर घेऊन हिंडले मी, वर्षभर भरवलं मी, आणि आता हे!

रेणुकानं ओढणीनं तोंड पुसलं. केस मागं सारले, दोरे काढले. जरा पुढं सरकून मांडी घालून बसली.

"जाताना बघितली, मावशी," ती म्हणाली. "आता वळवा की तिला हिकडं. येताना बी बघू द्या."