समुद्राचा मळ आणि माझी चिंच

विषय : मागच्या गॅलरीतील यंत्राची माझ्या हातून झालेली सफाई.
संदर्भ : सूनबाईची पीएचडी.

वरील विषयास अनुसरून सांगायचं, तर मंडळी, एवढा मोठा घोटाळा मी उभ्या नोकरीत केला नाही. निवृत्तीसाठी राखून ठेवला होता!

आमची सून मुग्धा इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात संशोधन करते. समुद्राचं वरचं पाणी कोमट, खोलातलं गार. त्या फरकावर वीज करायची. आता इंदूर कुठे आणि समुद्र कुठे? पण पोरीने रत्नागिरीच्या मामाकडून समुद्र ड्रममध्ये भरून मागवला! सुट्टीत कॉलेजची लाइट बंद, म्हणून यंत्र आमच्या गॅलरीत आलं. धातूच्या पट्ट्या, एका बाजूने कोमट पाणी, दुसऱ्या बाजूने गार. मधून उष्णता किती पार होते, त्याचा आकडा पडद्यावर.

आई आजारी म्हणून मुग्धा महूला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, पाणी चालू आहे ना, तेवढं बघा. सोमवारी सर बघायला येणार आहेत."

सर बघायला येणार! म्हणजे तपासणी! आता तुम्हीच सांगा, तपासणीच्या आधी दफ्तरात काय करतात? काम करतात? छे! झाडझूड करतात. त्यात आम्ही इंदूरकर. केळ्याचं साल हातात धरून कचरापेटी सापडेपर्यंत अर्धं शहर पालथं घालणारे लोक.

पट्ट्या काढल्या, तर हा बुळबुळीत थर! तरीच आकडा रोज घसरत होता. म्हटलं, सरांसमोर पोरीची शोभा होईल. चिंच भिजवली, नारळाची शेंडी घेतली आणि बसलो घासत.

"घरातला तांब्या घासायला सांगितला की कंबर दुखते यांची!" आमची ही दारातून म्हणाली.

पट्ट्या परत बसवल्या. आकडा टणकन वर! मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवारी सर आले. मुग्धा नुकतीच महूहून परतलेली, खांद्यावरची बॅगसुद्धा उतरली नव्हती.

"अरे, ये क्या! ये तो बिल्कुल नया जैसा! क्या लगाया, मुग्धा?"

"कुछ नहीं, सर..." तिचा चेहरा उतरला.

"इमली, सरजी!" मी छाती काढून म्हणालो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तो मळच माझा विषय होता. तो कसा साचतो, उष्णता किती अडवतो, तेच मोजत होते. पावसाळ्यापासून जपला होता हो."

"अगं, मग सर काय बघायला आले?"

"मळ!"

"अंकलजी," सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आपने तो पूरी थीसिस धो डाली!"

प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आलेली. मुग्धाचे डोळे भरले. तेवढ्यात तिला माझी सोललेली बोटं दिसली. "आता मी रडू, की तुम्हाला मलम लावू?" म्हणाली. गुणी पोर, दोन्ही केलं.

थर नव्याने जमायला हवा, म्हणून विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज केला. मसुदा अर्थातच माझा. विलंबाचे कारण : 'उपकरणात झालेली आकस्मिक स्वच्छता.' तिकडून विचारणा आली, जबाबदार व्यक्तीवर काय कारवाई केली? कळवलं : 'सदर इसम सेवानिवृत्त असून त्यास गॅलरीत जाण्यास मनाई करण्यात आली आहे.'

अर्ज प्रलंबित आहे.