पहिला घास परखीभाऊंचा

परखीभाऊ आपला डबा सगळ्यांत शेवटी उघडायचे. आधी आमचे उघडायचे. आम्हाला न विचारता, आम्ही जागेवर असू-नसू. आणि आपण हात धुऊन जेवायला बसलो, की समोरून शांतपणे निकाल यायचा, "बाई, आज वांग्यात मीठ कमी पडलं. सकाळी घरी भांडण झालं का?" भांडण झालेलं असायचं, हे आणखी चीड आणणारं.

धानोऱ्याला आमचं धान खरेदीचं गोदाम होतं. शेतकरी पोती घेऊन आला की त्याचं धान कसं आहे ते बघायचं काम परखीभाऊंचं. त्यासाठी एक टोकदार लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. ती पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि सांगायचं. जन्मभर हेच केलेला माणूस. पोतं दिसलं की परखी आणि डबा दिसला की बोटं, एवढाच काय तो फरक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे त्यांना परखीभाऊच म्हणायचे, आणि त्यांना त्याचा राग नव्हता.

मला मात्र त्यांचा भयंकर राग यायचा. मी चंद्रपूरहून बदलून आलेली, पहाटे उठून चार पोळ्या लाटणारी, आणि डब्यावर उगाच जीव असलेली बाई. दुसऱ्याच दिवशी माझ्या भाजीत बोटाएवढा खड्डा दिसला तेव्हा मी अख्खं गोदाम डोक्यावर घेतलं. "कोण आहे तो बिनलाजा?" परखीभाऊ धानाची पावती फाडत होते. मान वर न करता म्हणाले, "मी व्हय. भेंडी चांगली झाली. पण चंद्रपूरवाले तेल लय टाकता बाप्पा." आता अशा माणसाशी भांडायचं कसं? चोर नाकबूल झाला तर भांडता येतं.

मग मी उपाय सुरू केले. डबा फडक्यात बांधून फडक्याला गाठींवर गाठी मारल्या. त्यांनी सगळ्या सोडल्या, एक घास घेतला आणि माझ्यापेक्षा नीट बांधून ठेवल्या. जुन्या फायलींच्या कपाटात लपवला, तर म्हणाले, "तिथी नोको ठेवत जाऊ बाई, झुरळं हायेत." शेवटी बाजारातून कुलपाचा डबा आणला. त्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ आले, कुलूप बोटाने हलवून पाहिलं आणि निघून गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं ते जेवायला बसेपर्यंत. भाजी कशी झाली ते कोणी सांगितलंच नाही. आठवड्याभरात मी कुलूप घरी नेऊन ठेवलं. का, ते मला विचारू नका.

आमच्या हिशेबनीस शबानाबाई माझ्याहून वस्ताद. त्यांच्या घरी शिवणकामाचं दुकान, स्वभाव कात्रीसारखा. त्यांनी एकदा बटाट्याच्या वड्यात पसाभर ठेचा भरून तो वड्यांच्या वरच ठेवला. परखीभाऊंनी खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लाल. आम्ही दोघी फायलीत तोंड घालून हसतोय. ते पूर्ण वडा संपवून, लोटाभर पाणी पिऊन म्हणाले, "शबानाबाई, मिरची इथली नोहोय. भिवापूरची हाय. कोणी आणली?" शबानाबाईंचे भाऊ आदल्याच दिवशी तिकडून आले होते. त्यानंतर ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी घरच्यांच्याही आधी परखीभाऊंसाठी निघायची. "इनकी नजर लगने से पहले दे दो," असं शबानाबाई वरवर म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. घास एकच, आणि तोही पहिला. कुणाच्या डब्यात दोनच पुऱ्या असल्या तर हात लावायचे नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, "भाऊ, याला चोरी नाही तर काय म्हणायचं?" त्यांनी बोटं धोतराला पुसली. "पयला घास घेतला तो पाहुणा, बाई. आखरीचा घेतला तो चोर. पाहुण्यानं घास घेतल्याबिगर घरचे जेवते का? नाई ना? मंग मी तुमाले जेवाले मोकळं करून देतो." वर असा चेहरा, जणू उपकार माझ्यावर. त्यांच्या स्वतःच्या डब्यात रोज भात आणि लाखोळीची डाळ. तो डबाही टेबलाच्या मध्यावर उघडा असायचा. "घ्या ना," म्हणायचे. आम्ही घ्यायचो. ती डाळ, खोटं कशाला सांगू, माझ्या भेंडीपेक्षा बरी होती.

असं चाललं होतं, आणि मग नवे साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, कामाला चोख. माणूस वाईट नव्हता. पण डबा आपल्या खोलीत, दार लावून खायचे. परखीभाऊंनी त्यांच्या डब्याला कधी हात लावला नाही. मी मुद्दाम डिवचलं, तर म्हणाले, "दार लावून जेवते त्याले पाहुणा नको असते. आपुन काऊन जायचं?"

चैत्राचे दिवस. साहेबांच्या बायकोने आंबेडाळ करून पाठवली होती. त्या दिवशी धानाचे ट्रक भरणं चाललं होतं, आम्ही सगळे तराजूपाशी. साहेब जेवायला खोलीत गेले तर पोळीभाजी जागच्या जागी, आणि आंबेडाळीचा लहान स्टीलचा डबा गायब. डब्यासकट. साहेबांचा पारा चढला. खोलीची किल्ली लालसूकडे होती. लालसू आमचा चौकीदार, एटापल्लीच्या आतल्या गावचा माडिया माणूस, कंत्राटावर लागलेला. त्याचं कंत्राट त्याच महिन्यात पुढे वाढायचं होतं आणि सही साहेबांची. मुलगी गडचिरोलीला वसतिगृहात राहून बारावी करत होती. हे सगळं आम्हाला माहीत होतं, साहेबांना नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "प्रश्न डाळीचा नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते खरंच वाटत होतं. "आज डबा गेला, उद्या धान जाईल. लालसू, किल्ली तुमच्याकडे होती. खरं सांगा."

"मी नाई, साहेब," लालसू म्हणाला. एवढंच. तो आधीच कमी बोलणारा, त्यात मराठी त्याची शिकलेली भाषा. तो किल्लीचा जुडगा हातात धरून उभा राहिला आणि गप्प झाला. ते गप्प राहणंच साहेबांना कबुली वाटलं. "असा चौकीदार मला ठेवता येणार नाही," ते म्हणाले.

तेव्हा परखीभाऊ मागून पुढे आले. "साहेब, लालसू नोहोय. डब्ब्यात कैरी होती ना?"

"मग?"

"तो कैरी खात नाई अजून. त्याइच्या गावचा मरका पंडुम झाला नाई. आंब्याचा सण असते त्याइचा. नवा आंबा पयले देवाले, पुरखाइले. गावाचा पंडुम होयेपर्यंत तोंडात तं सोडा, झाडाचीबी तोडत नाई. मागच्या साली मी याच्या हातावर कैरीचा ठेचा ठेवला, तं यानं पानावर काढून बाजूले ठेवला. उपाशी होता, तरी नाई खाल्ला."

ऐकताना मला लाज वाटली, राग आला आणि या माणसाचा अभिमानही वाटला, सगळं एकदम. आम्ही गुढीपाडव्यापासून रोज कैऱ्या खातोय, शेजारी बसणारा माणूस का खात नाही हे आमच्यापैकी कुणी विचारलं होतं?

साहेब मात्र कपाळाला आठी घालून म्हणाले, "भाऊ, श्रद्धा आपल्या जागी. पण हा काही पुरावा नाही. कोणीतरी नेलंच ना?"

परखीभाऊंनी बोटं धोतराला पुसली. मग म्हणाले, "हाव. मी नेला. मी खाल्लो. इचारा सगळ्याइले, मी सगळ्याइचं खातो."

मी तोंड उघडलं. सकाळपासून हा माणूस माझ्यासमोर पोती तपासत होता, मुतायलाही गेला नव्हता! पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड पुन्हा मिटलं. शबानाबाई पुटपुटल्या, "या अल्लाह." साहेबांनी विचारलं, "हे खरं आहे? हे सगळ्यांचं खातात?" ते तर खरंच होतं.

लालसूचं कंत्राट वाढलं. परखीभाऊंना नोटीस मिळाली. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना, ज्याच्या बोटांवर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विश्वास ठेवला त्या माणसाच्या नावापुढे चोरी हा शब्द लागला. बाजारात पसरायला किती वेळ लागतो? एका शेतकऱ्याने त्यांना परखी मारताना हटकलं, "भाऊ, दाणे पोत्यातच टाका बरं." तो थट्टेतच बोलला होता. परखीभाऊंनी मूठ त्याच्यासमोर उघडून दाखवली.

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या डब्यांना हात लावला नाही. दुपारी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आपला डाळ-भात खायचे. मी मुद्दाम झाकण अर्धं उघडं ठेवून पाण्याला जायची, परत येऊन बघायची, तर भाजी तशीच. शबानाबाईंनी डबा समोर नेऊन ठेवला, हात धरला, "भाईजान, मेरी कसम." त्यांनी डबा हळूच मागे सरकवला. "पोट भरलं, बाई." मी एकदा संतापून ओरडले, "खोटं काऊन बोललात भाऊ? कोणी सांगितलं होतं?" तर म्हणाले, "तुमचं जेवण झालं का? थंडं होऊन राह्यलं."

वैशाखात लालसू चार दिवस गावी गेला. परत आला तो मोहाच्या पानांत बांधलेले आंबे घेऊन. सरळ परखीभाऊंच्या टेबलाशी गेला.

"पंडुम झाला, भाऊ. खा."

"मी कोणाचं खात नाई आता."

"कोणाचं नोहोय हे. देवाचं झालं. आता सगळ्याइचं," लालसू म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. शेवटी परखीभाऊंनी एक आंबा उचलला, टोक दाताने तोडलं आणि चोखला. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. चांगला की आंबट, तेही त्यांनी सांगितलं नाही. लालसूने दुसरा आंबा घेतला आणि दोघं खात बसले. मी आणि शबानाबाई उठून बाहेर गेलो, कारण आत बसून रडणं बरं दिसलं नसतं.

ते निवृत्त झाले, सिंदेवाहीजवळ आपल्या गावी गेले. पावसाळ्याआधी गोदामाचे पत्रे बदलायला माणसं वर चढली आणि त्यांतल्या एकाने वरून हाक मारली. चिंचेची फांदी पत्र्यावर टेकते तिथे, वाळलेल्या पाल्यात, साहेबांचा डबा पडलेला होता. चेपलेला, दातांच्या खुणा असलेला, झाकण हातभर अंतरावर. साहेबांच्या खिडकीची जाळी कोपऱ्यातून फाटलेली, आणि त्या चिंचेवर तर वांदरांचं बिऱ्हाडच. आम्ही कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं.

साहेबांनी डबा हातात घेतला आणि खाली बसले. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मला त्यांच्या गावी घेऊन चला." हे मात्र मानायला हवं त्यांच्याबाबतीत. मी आणि शबानाबाई गाडीत बसलो.

परखीभाऊ अंगणात बाज टाकून बसले होते. साहेबांनी चेपलेला डबा पुढे केला, माफी मागितली, नोटीस रद्द केल्याचं सांगितलं. भाऊंनी डबा फिरवून फिरवून पाहिला आणि खो खो हसले. "वांदराले पंडुम लागत नाई, साहेब!" मग सुनेला हाक मारून पानं मांडायला लावली. जेवल्याशिवाय जाऊ देतील तर ते परखीभाऊ कसले. भात, लाखोळीची डाळ, आणि ते स्वतः वाढायला.

साहेबांचा हात पानावर थांबला. "भाऊ, एक विचारू? तुम्ही नेलं नव्हतं. मग मी नेलं असं का म्हणालात?"

"तुमाले त्या दिवशी कोणीतरी चोर पायजे होता," परखीभाऊ सहज म्हणाले. "दुसरा कोणी नसता भेटला, तं तुमी लालसूलेच धरलं असतं. त्याच्या अंगाले तो शब्द चिकटला असता साहेब, जन्मभर. त्याच्या पोरीलेबी चिकटला असता. माह्या अंगावरून काय, धुतल्या जाईन, असं वाटलं."

मला राहवलं नाही. "धुतल्या कुठे गेला, भाऊ? त्या दिवसानंतर तुम्ही आमचा एक घास घेतला नाही."

परखीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. भाताचं पातेलं हातातच होतं.

"हाव बाई," ते म्हणाले. "तेवढं राह्यलं."

आणि वाकून त्यांनी साहेबांच्या पानात आणखी भात वाढला.