धोंडीबाई नावाचा किडा

धोंडीबाचं नाव 'बाई' लावून जगाच्या पुस्तकात छापून येनार व्हतं, अन् पाप माझं व्हतं. दुसऱ्या कोनाचं नाही, ह्या बाबारावचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मंग मधातच कोनी माझ्याकडं बोट दाखवाचं काम नाही.

धोंडीबा माझा लहानपनापासूनचा दोस्त. आदिलाबादकडं, जैनथच्या पल्याड, पैनगंगेच्या काठाले आमचं गाव. त्याचं घर अन् माझं घर, मधात एक लिंबाचं झाड. दोघंही लोकाच्या वावरात मजुरीले जाऊ. त्याची बायको रुक्माबाई कापूस वेचाले लागली की तिचे हात दिसत नसत, चार बायांचं काम एकटी करे. म्हनून प्रतिभा झाली तवा सव्वा महिन्यात ती पदर खोचून वावरात निंघाली. मंग पोरगी कोन सांभाळन? ह्यानं. बायकोचं जुनं लुगडं घेतलं, पोरगी पाठीले बांधली अन् भाकरी थापाले बसला. दोन वर्सानं हर्षदीप झाला, मंग एक पाठीवर अन् एक पोटावर. तसाच हापशीवर पानी भरे, तसाच वावरात बैलाच्या डवऱ्यामागं चाले. पोरगी त्याच्या मानेवर मुते अन् हा आपला गानं म्हने!

मले ते पाहवत नव्हतं. काऊन पाहवत नव्हतं ते मंग सांगतो. एक दिवस हापशीवर पंधरावीस लोकं उभे व्हते अन् हा आला, दोन पोरं अन् पान्याचे दोन गुंड घेऊन. मी म्हनलं, "सरका रे बाबू, धोंडीबाई आली!"

झालं. सारं गाव खी खी करून हासलं अन् ते नाव त्याले चिकटलं ते चिकटलंच. चक्कीवर धोंडीबाई, चावडीवर धोंडीबाई. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तं मी 'सौ. धोंडीबाई यांस' असं लिहून त्याच्या घरी पाठवली. तो लग्नाले आला, पोटभर जेवला, आहेर देऊन गेला, पन पत्रिकेचा शब्द काढला नाही. प्रतिभाची शाळा नाल्यापल्याड व्हती, तं सातवीपर्यंत पानी आलं की तिले पाठीवर घेऊन नाला उतरे. मी काठावरून ओरडो, "बाई, लुगडं वर घ्या, भिजन!" तो हासे. मले वाटे, ह्याले काही लागतच नाही.

ती प्रतिभा आज आदिलाबादले कॉलेजात किडेमकोडे शिकवते. लोकाच्या पोरी दिवाळीले माहेरी आल्या की साड्या दाखवतात, आमची प्रतिभा जाळी अन् पांढरा ट्रे घेऊन थेट नदीच्या डोहावर जाते. मागच्या वर्सी तिले तिथं एक पानढेकूण सापडला. पानढेकूण म्हंजे पान्यातला चपटा किडा, अंगठ्याच्या नखाएवढा, अन् चावला तं माय आठवते. आमी लहानपनी तो एकमेकाच्या सदऱ्यात टाको. प्रतिभा म्हने, ह्याच्या पायावरचे केस अन् पोटाखालचा पट्टा कोन्याच पुस्तकात नाही, हा नवाच हाय.

"नवा कायचा?" मी म्हनलं. "माझ्या बुडाले तीनदा चावला तो."

पन तिचे हैदराबादचे सर म्हनले, नुसत्या मादीवर भागत नाही, नर पाहिजे. नराचं पोट उघडून आतला अवयव पाहावा लागते, त्याच्यावरूनच जात ठरते. मले आयकूनच लाज वाटली. प्रतिभा कॉलेजले परत गेली अन् तिथून तिनं बापाले फोन केला, "बाबा, मादी हाय माझ्याजवळ, नर पाठवा." पुढं ती काही सांगत व्हती, पन आमच्या गावात फोनले रेंज कुठं? कट झाला.

आता पानढेकनाचा नर वळखाचा कसा? धोंडीबा माझ्या तोंडाकडं पाहे. मी काय कमी शहाना? मी म्हनलं, "हे काय इचारनं झालं? ज्याच्या पाठीवर अंडे हायेत ते मादी. ते सोडून द्याचे. बाकी मोकळे फिरते ते नर."

त्याले पटलं. अंडेवाला किडा चाळनीत आला की तो दोनी हातानं उचलून पान्यात सोडे. वरून म्हने, "जा माय, लेकुरवाळी हायस, सुखी राह्य." असे पन्नास तरी सोडले असतीन. मोकळे तेवढे इस्पिरिटच्या बाटलीत टाकून आदिलाबादच्या बसच्या डायवरजवळ दिले. एक बाटली, दोन बाटल्या, तीन बाटल्या. दर बारीले प्रतिभाचा फोन येई, "बाबा, ह्या बी माद्याच." तिले वाटलं, नर खोल पान्यात लपून बसत असतीन, म्हनून चाळनीत येत नाहीत. शेवटी वैतागून रविवारी सोताच आली.

डोहावर येऊन उभी राह्यली तं तिच्यासमोर धोंडीबानं एक लेकुरवाळी सोडून दिली.

"बाबा!" पोरगी अशी किंचाळली की मी पान्यात पडता पडता वाचलो. "काय सोडलं?"

"मादी व्हती वं. पाठीवर अंडे व्हते."

प्रतिभानं कपाळाले हात लावला. मंग खाली दगडावर बसली अन् हासू लागली, हासता हासता डोळ्यात पानी. म्हने, "बाबा, तोच नर हाय. मादी आपले अंडे नराच्या पाठीवर चिकटवते अन् निंघून जाते. हा बसते सांभाळत. वर येऊन अंड्यायले हवा दाखवते, खाली जाऊन लपवते. पिल्लं निंघेपर्यंत बिचाऱ्याले उडता बी येत नाही. ह्या हंगामात सगळे नर अंडे घेऊन बसले. तुमी नेमके नर सोडले अन् मले तीन बाटल्या बाया पाठवल्या!"

माझ्या जिभेले हाड नाही, ते कवाच नव्हतं. मी मांडीवर थाप मारली, "अरे तेरी! म्हंजे हा तं धोंडीबाईच हाय!"

धोंडीबा नेहमीसारखा हासला. प्रतिभा हासली नाही. माझ्याकडं पाह्यलं, मंग बापाच्या पाठीकडं पाह्यलं अन् वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसी पाच नर धरून घेऊन गेली.

दोन महिन्यानं तिचा फोन आला, मले. "काका, किड्याले बाबाचं नाव देऊन राह्यली." मले आनंद झाला, खोटं काऊन बोलू. मंग तिनं ते नाव वाचून दाखवलं. पुढं एक लांबलचक इंग्रजीसारखं नाव, अन् मागं 'धोंडीबाई'.

जेवन सोडून बस धरली अन् आदिलाबादले तिच्या कॉलेजात जाऊन धडकलो. म्हनलं, "पोरी, काय करून राह्यली? मी गावात केलं ते तू जगात करतेस?"

"काका, नियमच तसा हाय," ती म्हने. "बाप्या मानसाचं नाव दिलं की त्याच्या शेवटी 'ई' लावा लागते. धोंडीबा अन् ई. जोडून पाहा."

"मंग दुसरं अक्षर लाव ना!"

"दुसरं 'ए' हाय. ते सहसा बायांच्या नावाले लावतात. ते लावलं तं बाहेरदेशीचे लोक समजतीन, ही कोनी बाई व्हती."

घ्या! इकडून बाई, तिकडून बी बाई. प्रतिभा हळू आवाजात म्हने, "बाबाच्या मनाले लागत असन तं नाव काढते अन् गावाचं नाव टाकते. उद्या सांजेपर्यंत सांगा. एकदा छापलं की कोनाच्या बापाले बदलता येत नाही. मी इचारलं तं ते हासूनच टाकतीन. तुमी इचारा."

संध्याकाळच्या बसनं परत आलो. धोंडीबा ओट्यावर लसून सोलत व्हता, आत रुक्माबाई चुलीवर च्या ठेवत व्हती. मी त्याच्या बाजूले बसलो अन् सारं सांगतलं. म्हनलं, "नाही म्हन. गावाचं नाव टाकू दे. तुह्या नातवायच्या पोरायले बी लोक चिडवतीन."

तो लसून सोलतच राह्यला. मले राहवलं नाही. मी म्हनलं, "धोंडीबा, तुले ते नाव मी ठेवलं."

"मालूम हाय. मी हापशीवरच व्हतो ना."

"काऊन ठेवलं मालूम हाय? मले तुह्यासारखं वागाचं व्हतं रे. माह्या पोराले, प्रज्वलले, मी एक दिवस पाठीवर घेतलं नाही. लोक हासतीन म्हनून. कोन लोक? हासनारा तं मीच व्हतो."

प्रज्वल आज पुन्याले हाय. मायले रोज फोन करते. मी फोन घेतला की म्हनते, "आईले द्या."

धोंडीबानं लसनाचं टोपलं बाजूले ठेवलं. "बाबाराव," तो म्हने, "खोटं काऊन बोलू, मले लागे. लय लागे. त्या पत्रिकेच्या दिवसी तं मी नाल्यात जाऊन रडलो. पन पोरगी पाठीवर असली की रडता येत नाही, तिले कळते. म्हनून गानं म्हनो." मंग तो डोहाच्या दिशेनं पाहून हासला. "त्या किड्याले इचारून ये, त्याले लाज वाटते का. त्याले कोनी सांगतलंच नसन का हे बायांचं काम हाय म्हनून. राहू दे 'ई'. पोरीले फोन लाव."

मी लिंबाच्या झाडाखाली रेंज शोधत गेलो, फोन लावला, सांगतलं. तिकडून प्रतिभानं नाक ओढल्याचा आवाज आला. परत येऊन ओट्यावर बसलो. धोंडीबा म्हने, "आता फुकट चिडवता येनार नाही तुले. चिडवाचं तं पूर्न नाव घे, पुढचं इंग्रजी धरून." मी ते पुढचं म्हनाले गेलो अन् तिथंच जीभ अडकली. तो पोट धरून हासला.

तेवढ्यात आतून आवाज आला, "ओ धोंडीबाई, च्या थंडा होऊन राह्यला!"

आमी दोघांनी दाराकडं पाह्यलं. रुक्माबाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात इचारलं तं बाजूच्या बाईले सांगाले लावे. मी म्हनलं, "वयनी, नवऱ्याचं नाव घेतलं?"

"नवऱ्याचं कोनं घेतलं?" ती दारात येऊन उभी राह्यली, पदर तोंडावर. "मी किड्याचं घेतलं. छापून येऊन राह्यलं ते."

धोंडीबा उठला. त्याची मान खाली व्हती अन् कान लाल झाले व्हते. इतक्या वर्सात मी त्याले पहिल्यांदाच लाजताना पाह्यलं.