पहिल्या रांगेतला चेहरा

माझ्या ओठांच्या कोपऱ्यांवर आणि डाव्या डोळ्याभोवती कोडाचे पांढरे डाग आहेत. बाकीचा रंग कोकणी सावळा, त्यामुळे ते लपायचं नावच घेत नाहीत. पंचविशीत आले, आता मी पस्तिशीची आहे. एवढ्या काळात लोकांनी मला इतके उपाय सांगितलेत, की मी स्वतःचा दवाखाना काढू शकेन.

तीन वर्षांपूर्वी मी परळच्या एका ढोलपथकात गेले. ऑफिस सुटलं की सराव. ढोल कमरेला बांधला की लोक तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात, हे मला फार आवडलं. हाताला फोड आले, कमरेवर दोरीचे वळ उठले, पण मी सोडलं नाही. गेल्या पाडव्याआधी दोन महिने मी पहिल्या रांगेत वाजवत होते. पहिली रांग म्हणजे मिरवणं नाही, काम आहे. ताशेवाला नजरेने खूण करतो, ती या रांगेने पकडायची. मागचे चाळीस जण आमच्या हातांकडे बघून ताल बदलतात. पुढे एकजण चुकला की सगळं पथक घसरतं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ग्रुपवर गिरगावच्या शोभायात्रेसाठी रांगांची यादी आली. मी चौथ्या रांगेत. माझ्या जागी तीन आठवड्यांपूर्वी आलेली एक मुलगी. गोरी, चाफेकळी नाकाची, नथ तिच्यासाठीच घडवली असावी अशी. मी यादी तीनदा वाचली आणि पथकप्रमुखाला गाठलं. तो लालबागचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही.

"ताई, राग मानू नकोस," तो माझी नजर चुकवत म्हणाला. "गिरगावात फोटोवाले येतात ना. पुढची लाईन जरा फ्रेश पाहिजे."

"फ्रेश म्हणजे? मी काय मेथीची जुडी आहे?"

"तसं नाही गं. तू समजून घे ना."

समजून घ्यायचं खातं घरीदारी माझ्याकडेच आहे. नातेवाइकांच्या लग्नात फोटो काढताना मला हळूच मागे सरकवतात, तेव्हा मी समजून घेते. बारशाला कुणी बाळाला माझ्या मांडीवर द्यायला कचरतं, तेव्हाही समजून घेते. या वेळी नाही घ्यायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. ती जागा मी तोंड दाखवून मिळवली नव्हती, मग तोंडापायी सोडायची कशाला?

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर आई डाग झाकायचं क्रीम घेऊन पुढ्यात आली. "ह्या जरा तोंडाक लाव गो, मगे खंय जावचा थंय जा." आदल्या वर्षी मी ते लावलं होतं. दोन तास उन्हात वाजवल्यावर ते घामाबरोबर हनुवटीवरून ओघळलं आणि माझ्या शेल्याला डाग पडले. "आज नाही लावणार, आई," मी म्हणाले. मग तिने माझी नथ सरळ केली आणि क्रीम कपाटात ठेवून दिलं.

गिरगावात पथक उभं राहत होतं. मी ढोल बांधला आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, माझ्या नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिले. प्रमुख धावत आला.

"ताई, प्लीज. यादी ठरलीय."

"यादी तू केलीस. दोन महिने इथे कोण वाजवत होतं ते ताशेवाल्याला विचार."

विचारायची वेळच आली नाही. ताशेवाला म्हणाला, "राहू दे रे तिला. मला खूण पकडणारं माणूस पाहिजे." ती नवी मुलगी माझ्याकडे सरकली आणि कुजबुजली, "बरं झालं आलीस ताई. मला तिसरा ताल येतच नाही. तुझ्याकडे बघून वाजवते." मला तिचा राग राग करायचा होता, तो राहूनच गेला.

तीन तास वाजवलं. तिसरा ताल आला तेव्हा मी खूण पकडली, ती नवी मुलगी माझ्या हाताकडे बघत होती आणि मागचे चाळीस ढोल एका दमात फिरले. त्या क्षणी मी सुखी होते. इतकी सुखी मी फार कमी वेळा झाले आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पथकाच्या पेजवर फोटो पाहिले. पहिल्या रांगेत आम्ही सात जणी होतो. प्रत्येक फोटोत सहा. टोकाला कुठे माझं कोपर, कुठे नुसतं टिपरू, एका ठिकाणी अर्धा ढोल. बाहेरच्या कुणी नाही, आमच्याच माणसांनी कापलं होतं. खोटं कशाला सांगू, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि प्रमुखाला फोन केला.

"मुद्दाम नाही गं ताई," तो म्हणाला. "तू टोकाला होतीस ना, फ्रेममध्ये बसत नव्हतीस."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

यंदाचा सराव गेल्या सोमवारी सुरू झाला. मी सगळ्यांच्या आधी पोचले, ढोल बांधला आणि पहिल्या रांगेच्या मधोमध उभी राहिले. प्रमुख आला, घुटमळला. "ताई, तुझी जागा टोकाला ना?"

"होती," मी म्हणाले. "टोकाचं माणूस कापता येतं. आता मधलं कापून दाखव."