स्पीकर नसलेली लादीन

चर्चच्या युवक मंडळातल्या मुलांना नेतृत्व शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत शिक्षिका आहे आणि नाही म्हणायला मला कोणी सवडच दिली नाही. रविवारी मिस्सा संपली की दहावी-अकरावीची पोरं हॉलमध्ये जमतात. आधी डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांच्या भरवशावर चालायचं, मग जुन्या वर्तमानपत्रांचा मनोरा रचायचा. मनोरा कोसळतो, पोरं खिदळतात आणि मी फळ्यावर ‘निर्णय घेण्याचं धैर्य’ असं लिहिते. माझंच अक्षर बघून हल्ली माझं डोकं फिरतं.

कारण आहे यंदाची लादीन. आमच्या वाडीत रस्त्याच्या कडेला खुरीस आहे. दरवर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी सगळे त्या क्रुसापुढे जमून प्रार्थना गातात आणि मग उकडलेले चणे वाटतात. यंदा सगळं मुलांनीच ठरवायचं आणि करायचं, असं चर्च समितीच्या अध्यक्षांनी स्वतः जाहीर केलं. मुलांनी प्रमुख म्हणून एका मुलीला निवडलं. अकरावीतली. बोलते कमी, पण बोलली की बाकीचे ऐकतात.

खुरसाला लागूनच एका हिंदू कुटुंबाचं घर आहे. लादिनीला खुरसाला पहिला हार दरवर्षी त्यांचाच असतो. यंदा त्यांचे आजोबा अंथरुणाला खिळले होते. आता घरीच ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना पाठवून दिलं होतं. मुलीने सगळ्या पोरांना बसवून विचारलं आणि ठरवलं की यंदा स्पीकर लावायचा नाही. खुरसाभोवती जवळ जवळ उभं राहून नुसत्या गळ्याने गायचं. मग त्या घरी जाऊन सांगूनही आली, “तुमी काळजी करू नका, आवाज होवचो नाय.” यातलं काहीही मी सुचवलेलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला तेच दोनदा सांगितलं.

लादिनीच्या संध्याकाळी अध्यक्ष आले आणि इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, “स्पीकर खंय आसा?”

“अंकल, बाजूक आजोबा खूप आजारी आसत. म्हणान नको ठरवला,” ती म्हणाली.

“कोणी ठरवला?”

“आमी सगळ्यांनी. तुमीच सांगलात ना, पोरांनी ठरवूचा म्हणान?”

“अगो, पलीकडच्या वाडीत ऐकाक गेला नाय तर लादीन कसली ती?”

त्यांनी फोन लावला. मी मध्ये पडले, चांगली भांडले. मुलांवर सोपवलंत तर त्यांचं ऐका, असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्यावर मलाच ऐकावं लागलं, “टीचर, पोरांका डोक्यार चढवू नका.” फादर चण्यांच्या टोपात लक्ष घालून उभे होते. थोड्या वेळात टेम्पो आला. दोन मोठे स्पीकर उतरले, तेही त्या घराकडे तोंड करून. “निदान दुसरीकडे फिरवा,” म्हणून ती मुलगी टेम्पोवाल्याच्या मागे फिरत होती. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्या घराची खिडकी आतून बंद झाली. मुलगी सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिचे नुसते ओठ हलत होते.

आजोबा त्याच आठवड्यात गेले. ती त्या घरी भेटायला गेली. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, लादिनीचा विषयही काढला नाही.

“माका बोलले असते तर बरा झाला असता, टीचर,” ती मला म्हणाली. “मी शब्द दिलेलो त्यांका.”

समितीच्या सभेत मी विषय काढला, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे केली. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

परवा मंडळाच्या सहलीचं ठरवत होतो. तारकर्ली की शिरोडा, यावरून पोरं हमरीतुमरीवर आली होती. एवढ्यात अध्यक्ष दारात आले आणि त्यांनी कौतुकाने तिलाच विचारलं, “मगे, खंय जावचा ठरवलास गो?”

ती उठून उभी राहिली. “तुमी सांगशात थंय, अंकल.”

अध्यक्षांचा चेहरा खुलला. तिच्याकडे हात करत ते मला म्हणाले, “बघा टीचर, आता झाला ह्या चेडू खरा लीडर!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या.